प्रभात टॉकीज ते किबे लक्ष्मी : एका चित्रपटगृहाचे नाव, भाषा आणि जागा

या पाठाविषयी

भाषा आणि समाज यांच्या परस्परसंबंधाचा विचार आपण मागील पाठांत बोली, व्यवसाय आणि जातिव्यवस्था यांच्या अंगाने केला. या पाठात आपण एक इमारत अभ्यासाला घेणार आहोत. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील प्रभात टॉकीज १९३४ मध्ये सुरू झाली आणि ऐंशी वर्षांनी, २०१४ च्या डिसेंबरमध्ये, त्या नावाने चालणे थांबले. हा पाठ वाचून झाल्यावर चित्रपटगृहाशी निगडित मराठी शब्दांची आणि क्रियापदांची घडण तुम्हांला सांगता यावी, आणि असे चित्रपटगृह बंद का पडते या प्रश्नाला नेहमीच्या उत्तरापेक्षा अधिक नेमके उत्तर देता यावे, एवढी अपेक्षा आहे.

नेहमीचे उत्तर तुम्हांला ठाऊकच आहे. 'लोक येईनासे झाले', 'दूरदर्शन आले', 'मल्टिप्लेक्स आले', 'आता सगळे मोबाइलवर पाहतात.' यातील प्रत्येक विधानात तथ्य आहे. तथापि ही सर्व विधाने प्रेक्षकाविषयी आहेत. चित्रपटगृहाच्या पायाखालच्या जमिनीविषयी त्यांत एक शब्दही नाही. प्रभातची हकीकत समजून घ्यायची तर जमिनीपर्यंत जावे लागते, आणि तेथवर जाण्याची वाट भाषेतूनच जाते असे मला वाटते.

१. 'आर्ट हाऊस' म्हणजे नेमके काय?

आरंभी एक संज्ञा स्पष्ट करून घेऊ. पाश्चात्त्य देशांत 'आर्ट हाऊस' म्हणून ओळखले जाणारे चित्रपटगृह इतर चित्रपटगृहांहून पडद्याने किंवा खुर्च्यांनी वेगळे नसते. ते वेगळे ठरते ते निवडीमुळे. तेथे कोणता चित्रपट दाखवायचा हे वितरकाच्या दडपणाने ठरत नाही. ज्याला चित्रपटाची जाण आहे असा एक माणूस, किंवा माणसांचा लहानसा गट, ते ठरवतो. पॅरिसमध्ये १९२६ साली सुरू झालेले स्तुदिओ दे उर्स्युलीन हे या प्रकारचे एक आरंभीचे ठिकाण. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील अकॅडमी सिनेमात एल्सी कोहेन या बाईंनी १९३१ पासून युरोपातील परभाषिक चित्रपट नियमाने दाखवण्यास प्रारंभ केला. हे चित्रपटगृह १९८६ पर्यंत टिकले. अशा ठिकाणी येणारा प्रेक्षक पुष्कळदा चित्रपटाचे नाव न पाहताच येतो. 'तिथे लागला आहे ना, मग पाहण्यासारखा असणार', हा विश्वास हेच त्या घराचे खरे भांडवल होय.

या काटेकोर अर्थाने महाराष्ट्रात कायमस्वरूपी, स्वतंत्र, खाजगी आर्ट हाऊस फारसे रुजलेच नाही. आर्ट हाऊसचे काम आपल्याकडे वाटले गेले. परभाषिक आणि प्रयोगशील चित्रपट दाखवण्याचे काम फिल्म सोसायट्यांनी केले. जुने चित्रपट जपण्याचे काम पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने केले. काही काळ शासकीय संस्थेने हात दिला. १९८० च्या दशकात चर्चगेटजवळच्या आकाशवाणी थिएटरात राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पुढाकाराने समांतर चित्रपट दाखवले जात. आणि मराठी चित्रपटाला कायमचा पत्ता देण्याचे काम प्रभातसारख्या मोजक्या चित्रपटगृहांनी केले.

प्रभातला आर्ट हाऊस म्हणावे का, असा प्रश्न तुम्ही विचारू शकता, आणि तो रास्त आहे. तेथे गल्लाभरू विनोदी चित्रपटही लागत आणि रडवणारे कौटुंबिक चित्रपटही लागत. परंतु मोठ्या कंपन्यांच्या साखळीत नसलेले, एका कुटुंबाने चालवलेले, आणि बाजारात जी भाषा दुय्यम मानली जाते त्या भाषेच्या चित्रपटाला पहिली पसंती देणारे घर, या तीन गोष्टी लक्षात घेतल्या तर आर्ट हाऊसच्या व्याख्येतला गाभा तेथे होता असे माझे मत आहे. तुम्ही यावर असहमत होऊ शकता. स्वाध्यायात त्यासाठी जागा ठेवली आहे.

२. कंपनी गेली, टॉकीज राहिली

प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे तिचे संस्थापक. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढून कंपनीने मराठी बोलपटाचा पाया घातला आणि १९३३ मध्ये ती पुण्यास आली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९३४ मध्ये, प्रभात टॉकीज सुरू झाली. जागा इंदूरच्या सरदार किबे यांची होती. ही नोंद मनात ठेवा, कारण पाठाच्या उत्तरार्धात आपल्याला तिच्याकडे परतायचे आहे.

पुण्याला चित्रपटगृहे तोवर नवीन नव्हती. मंडईच्या परिसरात आर्यन सिनेमा १९१५ पासून चालू होता. मूकपटाच्या काळातील अशा गृहांना 'सिनेमा' किंवा 'थिएटर' म्हणत. १९३१ नंतर चित्रपट बोलू लागला तेव्हा 'टॉकीज' हा शब्द आला, आणि मराठीत त्याचे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. इंग्रजीत हा शब्द बोलणाऱ्या चित्रपटाचा वाचक होता आणि त्यातला शेवटचा वर्ण अनेकवचनाचा. मराठीने (आणि इतर भारतीय भाषांनीही) तो एकवचनी केला, त्याला स्त्रीलिंग दिले आणि त्याचा अर्थ चित्रपटावरून चित्रपटगृहावर नेला. 'एक टॉकीज', 'जुनी टॉकीज', 'टॉकीज पाडली.' काव्यशास्त्राच्या पाठात तुम्ही लक्षणा ही शब्दशक्ती अभ्यासली आहे. आधेयाचे नाव आधाराला देणे हा लक्षणेचाच एक प्रकार होय. चित्रपट हे आधेय, इमारत हा आधार. आत जे बोलते त्याचे नाव बाहेरच्या भिंतींना मिळाले.

'चित्रपट', 'बोलपट', 'दिग्दर्शक', 'मध्यंतर' या मराठी प्रतिशब्दांचे श्रेय सामान्यतः स्वातंत्र्यवीर सावरकरांना दिले जाते. हे शब्द लेखनात स्थिरावले. 'मध्यंतर' तर बोलण्यातही आला. 'चित्रपटगृह' मात्र परवान्याच्या अर्जात आणि वर्तमानपत्रांतच राहिले. तिकिटाच्या रांगेत उभा असलेला मनुष्य 'टॉकीज'च म्हणत असे. शुद्धिवादी मंडळींनी याबद्दल फार खंत करू नये. ज्या परक्या शब्दाला भाषा लिंग आणि वचन देते, तो परका राहत नाही.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण प्रभात कंपनीचा इतिहास तुम्हांला अन्यत्र विपुल मिळेल. 'संत तुकाराम' १९३६ मध्ये प्रदर्शित झाला आणि पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. शांताराम १९४० च्या दशकात बाहेर पडले. १९५० च्या दशकात कंपनी बंद झाली आणि तिच्या स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये आजची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट उभी राहिली. कंपनी मिटली, तरी तिचे नाव धारण करणारी टॉकीज मात्र दामले कुटुंबाच्या व्यवस्थापनाखाली पुढे सुमारे सहा दशके चालू राहिली. एखाद्या घराण्याचे आडनाव केवळ त्याच्या वाड्याला लागून उरावे, तसेच हे.

३. 'लागणे' : एका क्रियापदाचा अभ्यास

आता भाषेकडे येऊ. पुढील वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा :

प्रभातला नवा पिक्चर लागलाय.
पिक्चर चांगला चालला.
दोन आठवड्यांत उतरला.
पार पडला, डब्यात गेला.

'लागणे' हे मराठीतील अत्यंत अनेकार्थी क्रियापद आहे. ठेच लागते, भूक लागते, नोकरी लागते, निकाल लागतो. परंतु चित्रपटाच्या संदर्भातील 'लागणे' या सर्वांहून वेगळे असून 'गाडी फलाटाला लागली' या प्रयोगाचे ते जवळचे नातलग आहे. दोन्हींत एक फिरती वस्तू ठरल्या वेळी ठरल्या जागेला येऊन टेकते, काही काळ थांबते आणि निघून जाते. त्या जागेवर आणि त्या वेळेवर पाहणाऱ्याचा अधिकार नसतो. गाडी आपण लावत नाही, ती लागते. आपण फक्त तिथे असावे लागते.

म्हणूनच 'टीव्हीवर सिनेमा लागलाय' हे वाक्य मराठी कानाला खटकत नाही. तेथे जागा बदलली तरी वेळ दुसऱ्या कोणीतरी ठरवलेली आहे. परंतु इंटरनेटवरून हवे तेव्हा पाहता येणाऱ्या चित्रपटाबाबत तुम्ही काय म्हणता? 'नेटफ्लिक्सवर आलाय', 'ओटीटीवर आहे.' 'नेटफ्लिक्सवर लागलाय' असे म्हणणारा मनुष्य मला क्वचितच आढळतो, आणि जे म्हणतात ते बहुधा साठीच्या पुढचे असतात. हा भेद कोणत्याही व्याकरणाने शिकवलेला नाही. बोलणाऱ्यांनी तो आपोआप केला, कारण लागण्याला जी ठरलेली वेळ लागते ती येथे नाहीशी झाली होती.

'उतरणे' हा त्याचा जोडीदार. दर्शनी भागावरील फलक उतरवला जाई, त्यावरून चित्रपटच उतरू लागला. 'डब्यात जाणे' हा प्रयोग रिळांच्या पत्र्याच्या डब्यांवरून आला. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक चित्रपटगृहांतून रिळे हद्दपार झाली होती, तरी सरकारी योजना आजही डब्यात जातात! ज्या वस्तूवरून वाक्प्रचार घडला ती वस्तू गेली तरी वाक्प्रचार टिकतो. उलट 'पिटातला प्रेक्षक' हा प्रयोग मात्र नव्या पिढीला समजावून सांगावा लागतो, कारण सर्वांत पुढची, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी जागा नव्या चित्रपटगृहांच्या रचनेतूनच गेली. तीच गत 'खेळ' या शब्दाची. 'सहाचा खेळ', 'नऊचा खेळ' हे लोकरंजनाच्या जुन्या परंपरेतून आलेले शब्द. त्यांच्या जागी 'शो' आला.

'ला' या प्रत्ययाकडेही लक्ष द्या. 'पुण्याला राहतो', 'दादरला भेटू' यांप्रमाणे मराठीत गावांच्या आणि ठिकाणांच्या विशेषनामांना हा प्रत्यय स्थान दाखवण्यासाठी लागतो. सामान्यनामांना त्या अर्थाने तो सहसा लागत नाही. 'खोलीला राहतो' असे आपण म्हणत नाही. 'प्रभातला लागलाय' या वाक्यात टॉकीजला गावाचा दर्जा मिळालेला असतो. आज लोक मॉलच्या नावालाही हा प्रत्यय लावतात हे खरे आहे. पण तो मॉलला लागतो, मॉलमधील पडद्याला नव्हे. 'स्क्रीन तीनला लागलाय' असे कोणी म्हणत नाही. त्या पडद्याला क्रमांक आहे, नाव नाही. आणि जे निनावी आहे त्याची निवड ओळखावी तरी कशी?

विचार करा. तुमच्या घरात तीन पिढ्या असतील तर प्रत्येकीला 'काल कोणता चित्रपट पाहिला आणि कुठे?' असे विचारा. उत्तरातील क्रियापद आणि प्रत्यय टिपून ठेवा.

४. छप्पर नसलेले घर

प्रभातने मराठी चित्रपटाला घर दिले, पण जगातील चित्रपट मराठी माणसाने कोठे पाहावा? येथे फिल्म सोसायटीचा विचार करावा लागतो. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. १९५९ मध्ये देशातील अशा संस्थांचा महासंघ झाला आणि राय त्याचे अध्यक्ष झाले. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळाची स्थापना झाली. सुधीर नांदगावकर हे या मंडळाचे दीर्घकाळ आधारस्तंभ होते. अप्पा बळवंत चौकातील टॉकीजशी या मंडळाचा संबंध नावापुरताच. पण मराठी माणसांनी चित्रपटाचे मंडळ काढले तर त्याचे नाव 'प्रभात' ठेवावेसे वाटणे, यातही एक इतिहास आहे.

फिल्म सोसायटी म्हणजे छप्पर नसलेले आर्ट हाऊस. तिच्याकडे निवड असते, प्रेक्षक असतो, चर्चा असते, मासिक असते. नसते ती फक्त जागा. सभागृह भाड्याने घ्यायचे, एखाद्या वकिलातीतून चित्रपटाची प्रत मागवायची, वर्गणीदारांना पत्रे पाठवायची. मराठी समांतर चित्रपटाचा पहिला बहर, म्हणजे 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९७१), 'सामना' (१९७५), 'सिंहासन' (१९७९), 'उंबरठा' (१९८२), ज्या काळात आला त्याच काळात ही मंडळे जोमात होती. हा योगायोग नव्हे. पुण्यात सतीश बहादूर यांच्यासारखे शिक्षक चित्रपट-रसास्वाद हा विषय म्हणून शिकवत होते आणि संग्रहालयात पी. के. नायर जुन्या प्रती गोळा करत होते. पाहण्याची सवय असलेला एक समूह घडत होता.

परंतु जागा नसण्याची किंमत कोण मोजतो, हेही पाहिले पाहिजे. ठाण्यातील वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत राहणाऱ्या एखाद्या कारखान्यातील कामगाराने किंवा शाळेतील शिक्षिकेने त्या काळी सोसायटीचा चित्रपट पाहायचे ठरवले, तर आधी ठाणे स्थानक गाठायचे, मग लोकलने दादर किंवा त्याही पुढे जायचे, आणि चित्रपटानंतरची चर्चा अर्ध्यात सोडून परतीची गाडी पकडायची. डोंबिवली-कल्याणच्या माणसाला आणखी लांबचा पल्ला. चर्चेत शेवटपर्यंत बसणारा प्रेक्षक म्हणूनच बहुधा जवळ राहणारा असे. कलाचित्रपट 'मूठभरांचा' असतो असा आरोप नेहमी होतो. त्या मुठीचा आकार काही अंशी रेल्वेच्या वेळापत्रकाने ठरवला होता, हे आरोप करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. ज्याला घराजवळ टॉकीज होती त्याला हा हिशेब करावा लागला नाही.

५. बंद होणे

डिसेंबर २०१४ मध्ये प्रभात बंद झाली तेव्हा पुण्यातील वृत्तपत्रांनी हळहळ व्यक्त केली, जुन्या प्रेक्षकांनी आठवणी लिहिल्या. या लेखनात एक गोष्ट अनेकदा पुसट झाली. टॉकीज बंद होण्याचे तात्कालिक कारण रिकाम्या खुर्च्या हे नव्हते. भाडेपट्ट्याची मुदत संपली होती आणि जागा मूळ मालकांकडे, म्हणजे किबे कुटुंबाकडे, परत जात होती. येथे कोणी खलनायक नाही. मालकाने आपली मालमत्ता मुदतीनंतर परत घेणे हे कायदेशीर आणि स्वाभाविक आहे. परंतु 'मराठी चित्रपटाचे घर' असे ज्याला आपण ऐंशी वर्षे म्हणत आलो ते कायद्याच्या भाषेत चालवणाऱ्यांचेही घर नव्हते आणि प्रेक्षकांचेही नव्हते. ते पट्ट्याने घेतलेले होते.

'भाडेपट्टा' या सामासिक शब्दाकडे पाहा. जमीन ठरावीक मुदतीसाठी वापरायला दिल्याचा लेख, असा 'पट्टा' या शब्दाचा अर्थ महसुली व्यवहारातून आला आहे. पट्ट्याला आरंभ असतो तसा शेवटही असतो, आणि तो शेवट पहिल्याच दिवशी कागदावर लिहिलेला असतो. प्रेक्षकांच्या स्मृतीत मात्र असा कागद नसतो. चित्रपटगृहाच्या दोन इतिहासांतील अंतर नेमके येथे आहे.

हे केवळ पुण्यात घडते असे नाही. न्यूयॉर्कमधील लिंकन प्लाझा सिनेमाज हे डॅन आणि टोबी टॅलबॉट या दांपत्याने १९८१ पासून चालवलेले आर्ट हाऊस एका उंच निवासी इमारतीच्या तळघरात होते. जानेवारी २०१८ मध्ये ते बंद झाले. प्रेक्षक अखेरपर्यंत येत होते. पट्टा पुढे वाढवला गेला नाही. मुंबईत लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहाची कथा याच जातीची. गिरणगावातील मराठी चित्रपटाचे हे हक्काचे ठिकाण गिरणीच्या जमिनीवर उभे होते. ती जमीन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्यावर पट्ट्यावरून वाद उभा राहिला आणि चित्रपटगृहावर अनेक वर्षे टांगती तलवार राहिली. ज्या कामगारांसाठी ते होते त्यांच्या गिरण्या आधीच थंड पडल्या होत्या. प्रेक्षक आणि जमीन या दोन्ही गोष्टी एकाच मालकाशी बांधलेल्या असल्या की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

याच्या उलट उदाहरणही द्यायला हवे. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरातील फिल्महाऊस हे आर्ट हाऊस ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद पडले. तेथे कारण पट्ट्याचे नव्हते. चालवणारी संस्थाच आर्थिक संकटात सापडून कोसळली. लोकांनी वर्गणी जमवली, चळवळ केली, आणि २०२५ मध्ये ते त्याच जागी पुन्हा सुरू झाले. पैशाचे संकट वर्गणीने निवारता आले, कारण परतायला जागा शिल्लक होती. जागाच गेली असती तर वर्गणीचे काय केले असते?

प्रेक्षकसंख्येचा काहीच संबंध नाही, असे माझे म्हणणे नाही. गल्ला भरपूर असता तर कोणीही वाढीव भाडे भरू शकला असता. पण शहराच्या मध्यवर्ती भागातील जमिनीचे मोल ज्या वेगाने वाढते त्या वेगाने तिकिटाचा दर कधीच वाढू शकत नाही. मराठी चित्रपटाच्या तिकिटाचा तर नाहीच.

६. वेळ कोणाची?

प्रभात बंद झाल्यानंतर चार महिन्यांच्या आत, एप्रिल २०१५ मध्ये, महाराष्ट्र शासनाने मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळच्या मुख्य वेळेत मराठी चित्रपट दाखवणे बंधनकारक करण्याची घोषणा केली. विनोद तावडे त्या वेळी सांस्कृतिक कार्यमंत्री होते. मोठा गदारोळ झाला, आणि अखेर दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत खेळ दाखवण्याच्या तोडग्यावर प्रकरण निवले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' त्याच महिन्यात प्रदर्शित झाला होता.

या दोन घटना एकमेकींमुळे घडल्या नाहीत. तरी त्या शेजारी ठेवून वाचाव्यात असे मी सुचवीन. प्रभातला मराठी चित्रपटासाठी संध्याकाळचा सहाचा खेळ मागावा लागत नव्हता. तो तिथे लागतच होता. घर गेल्यावर दुसऱ्याच्या घरातील वेळ मागण्याची पाळी येते आणि मागणी मग आदेशाच्या भाषेत करावी लागते. वर्तकनगरहून आज महामार्गालगतच्या मॉलमधील बहुपडदा चित्रपटगृह चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अंतराचा जुना प्रश्न सुटला. पण लहान मराठी चित्रपट तेथे कामाच्या दिवशी सकाळी अकराला असेल, तर नोकरी करणाऱ्याला तो दादरपेक्षाही लांब आहे.

शासनाच्या आदेशाचे समर्थन करावे की विरोध, हा प्रश्न मी तुमच्यावर सोपवतो. माझे मत विचाराल तर, आदेशाने खेळ मिळतो, निवड मिळत नाही. चित्रपट लावणारा तो नाइलाजाने लावत आहे हे प्रेक्षकाला कळते, आणि मग 'तिथे लागला आहे ना, मग पाहण्यासारखा असणार' हा विश्वास तयार होत नाही.

७. नाव बदलले म्हणजे काय झाले?

प्रभातची इमारत पडली नाही. काही काळाने तेथे पुन्हा चित्रपट दाखवले जाऊ लागले, 'किबे लक्ष्मी' या नावाने. भाषेच्या अभ्यासकाला हा भाग सर्वांत बोलका वाटतो.

चित्रपटगृहांच्या नावांचे ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. काही नावे चालवणाऱ्याचे स्वप्न सांगतात : प्रभात, आर्यन, भारतमाता. काही नावे मालकी सांगतात. त्यांत आडनाव असते किंवा घराण्यातील व्यक्तीचे नाव. 'प्रभात'कडून 'किबे लक्ष्मी'कडे जाताना नाव पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात गेले. वापरणाऱ्याचे नाव जाऊन ज्याची जागा त्याचे नाव आले. ऐंशी वर्षे जी गोष्ट केवळ कागदपत्रांत होती, ती दर्शनी भागावर आली. हे नाव अधिक खरे आहे असेही कोणी म्हणेल, आणि ते अगदीच चूक नाही.

बोलणारे लोक मात्र पाटीकडे पाहून बोलत नाहीत. मुंबईत बोरीबंदरचे नाव अधिकृतपणे बदलले, तरी जुन्या माणसांच्या तोंडी बोरीबंदर राहिलेच. अप्पा बळवंत चौकात पुस्तके घ्यायला आलेला पन्नाशीचा गृहस्थ रिक्षावाल्याला आजही 'प्रभातपाशी सोडा' असे सांगू शकतो, आणि रिक्षा योग्य ठिकाणी थांबते. हा शब्द आता चित्रपटगृह दाखवत नाही; केवळ एक ठिकाण दाखवतो. 'प्रभातला' मधील चित्रपट निघून गेला, 'ला' तेवढा उरला.

स्वाध्याय

१. 'लागणे' या क्रियापदाचे किमान आठ अर्थ उदाहरणांसह लिहा. त्यांपैकी कोणत्या अर्थांत वेळ आणि जागा दोन्ही ठरलेल्या असतात, ते सांगा.

२. आधेयाचे नाव आधाराला मिळाल्याची 'टॉकीज'सारखी आणखी तीन उदाहरणे शोधा. परक्या भाषेतून आलेली असल्यास त्यांना मराठीत कोणते लिंग मिळाले तेही नोंदवा.

३. 'प्रभात टॉकीजला आर्ट हाऊस म्हणणे योग्य नाही.' या विधानाच्या बाजूने सुमारे तीनशे शब्दांत युक्तिवाद करा. पाठातील मताचा प्रतिवाद अपेक्षित आहे. त्याची पुनरुक्ती नको.

४. तुमच्या गावातील किंवा उपनगरातील बंद पडलेले एखादे चित्रपटगृह निवडा. तेथे नियमाने जाणाऱ्या एका ज्येष्ठ व्यक्तीशी बोला आणि बोलणे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. नंतर जागेचे मालक कोण होते, चालवणारे कोण होते आणि आज त्या जागेवर काय आहे, याची माहिती मिळवा. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून, ज्येष्ठ व्यक्तीने सांगितलेले बंद होण्याचे कारण आणि जागेच्या व्यवहारातून दिसणारे कारण कोठे जुळतात व कोठे जुळत नाहीत, ते लिहा. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली परिसरातील विद्यार्थ्यांनी स्थानकाजवळच्या जुन्या टॉकीजपासून सुरुवात करावी; तेथील रिक्षाथांब्यावर तिचे नाव अजून चालते का, तेही पाहावे.